बाण नको, डबा हवा

जळगावच्या एमआयडीसीत चटया आणि पाइप बनतात, हे जळगाव-धुळ्यातल्या इंजिनिअरिंगच्या पोरांना बहुधा गुगल सांगतं. बऱ्याच कॉलेजांचा अभ्यासक्रम येतो थेट कोकणातल्या लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठातून. मग जोडणी करणाऱ्या कामगाराच्या मदतीला प्रोजेक्टमधून डिजिटल चष्मा निघतो. कुठला नट कुठे बसवायचा ते बाण दाखवणार, सूचना अर्थातच इंग्रजीत. मे महिन्यात इथला पारा 45 अंशांना टेकतो. घामाने काचांवर वाफ धरते, हातमोज्याने बटण दबत नाही. अहिराणी बोलणाऱ्या एखाद्या ताईंना आधी विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, "भाऊ, बाण राहू दे, वायसरचा डबा उजव्या हाताला ठेव." पण याला गुण कुठल्या रकान्यात द्यायचे? तोंडी परीक्षेत परीक्षकांची शंका वेगळीच: "यात ब्लॉकचेन का नाही?"