घरगुती टर्बोविद्या
आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली, धुराड्यावाटे वाया जाणाऱ्या उष्ण वायूंकडूनच चक्र फिरवून घेऊन इंजिनाच्या उदरात अधिक हवा दडपण्याच्या युक्तीचे पेटंट मिळविले, तेव्हा ही विद्या पुढे घरच्या गॅरेजात, रविवारच्या फावल्या वेळी, शेजाऱ्याच्या उसन्या पान्यांनिशी आचरली जाईल, याची त्यास सुतराम कल्पना नसावी. मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणारा टर्बोचा दंड तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. गृहस्थ मात्र तेलाची नळी साफ करण्याचे क्षुद्र काम तहकूब ठेवून प्रथम हवेचा दाब वाढविण्याचा हुकूम फर्मावितात. मग दाबापाठोपाठ इंधनाचे अवेळी स्फोट, स्फोटांपाठोपाठ पिस्टनास भोक, आणि हेड गॅस्केट तर त्यापूर्वीच राजीनामा देऊन मोकळे! वाढीव अश्वशक्ती अर्थातच कागदोपत्री बिनतक्रार रुजू असते; गाडी तेवढी दोरीने ओढून न्यावी लागते.