एकमताने मंजूर

दोन भाऊ आणि मधे एक बांध असेल, तर एकमत होणं किती अवघड असतं हे वाळवा तालुक्यात कुणाला शिकवायला नको. तरीही आष्टा नगरपरिषदेची सलग चार अंदाजपत्रकं एकाही विरोधी मताशिवाय मंजूर झाली. सभात्याग नाही, घोषणा नाहीत, 'आमच्या प्रभागावर अन्याय' नाही. कारण सभागृहात भांडायला कुणी नव्हतंच. 2016 साली निवडून आलेल्या मंडळाची मुदत 2021 च्या अखेरीस संपली, ओबीसी आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात जाऊन बसला, आणि राज्यातल्या इतर पालिकांबरोबर आष्ट्याचा कारभारही प्रशासकांकडे गेला. मतदानाला डिसेंबर 2025 उजाडला.

1965 चा नगरपरिषद कायदा तसा शहाणा आहे. मुख्याधिकाऱ्यांनी अंदाजपत्रक तयार करायचं, स्थायी समितीनं ते तपासायचं, सभेनं चर्चा करून मंजूर करायचं. एकाची चूक दुसऱ्यानं पकडावी, एवढाच त्यामागचा हेतू. पण प्रशासक आले की समितीचे, अध्यक्षांचे, सभेचे सगळे अधिकार त्यांच्याकडे येतात, आणि राज्यात बहुतेक ठिकाणी मुख्याधिकारीच प्रशासक होते. आता असा दिवस डोळ्यांपुढे आणा. सकाळी साहेब मुख्याधिकारी म्हणून अंदाजपत्रक सादर करतात. दुपारी स्थायी समिती होऊन ते बारकाईनं तपासतात. त्रुटी सापडत नाहीत. चहानंतर साहेबांचीच सभा भरते. सूचक साहेब, अनुमोदक साहेब, हरकत कुणाची आहे काय असं विचारणारे साहेब आणि गप्प बसणारेही साहेब. शेवटी आभारप्रदर्शन. तेही कुणी केलं असेल, हे सांगायला हवं का?

यात साहेबांचा दोष नाही. त्यांना सरकारनं बसवलं, ते बसले. दुसऱ्या दिवशी पेपरात नेहमीची बातमी येते : 'कोणतीही करवाढ नसलेले शिल्लकी अंदाजपत्रक मंजूर.' आम्ही ती वाचतो, 'शिल्लकी' म्हटल्यावर समाधान पावतो आणि पान उलटून उसाच्या दराकडं जातो.

स्टँडजवळच्या कट्ट्यावरचे आमचे तात्या तर म्हणाले, "चार वरसं नगरसेवक न्हवतं, काय अडलं? सूर्य उगवतच हुता की."

"तात्या, तुमच्या बोळातला दिवा गेला तेव्हा?"

"तवा जरा अडलं," तात्या म्हणाले. "फोन कुणाला करायचा त्येच कळंना."

नगरसेवकाचा खरा उपयोग हा आहे. बोळातला दिवा, तुंबलेलं गटार, न आलेली घंटागाडी, रहिवासाचा दाखला आणि रात्री अकरा वाजता उचलला जाणारा फोन. अंदाजपत्रकावर त्याचं भाषण कुणी ऐकलेलं नसतं. मतदारानं त्याला कधी अंदाजपत्रकाबद्दल विचारलेलंही नसतं, त्यामुळे हिशोब बरोबर सुटतो.

वास्तविक अंदाजपत्रकाला घाबरणं आष्टेकरांना शोभत नाही. आपण ज्या मतदारसंघात मतदान करतो, तिथल्या आमदारांनी, जयंत पाटलांनी, अर्थमंत्री म्हणून राज्याचा अर्थसंकल्प नऊ वेळा मांडला. म्हणजे महाराष्ट्राची तिजोरी कशी चालते हे आपल्या दारावरून गेलेलं ज्ञान आहे. ते दारावरून गेलं, आत आलं नाही, एवढंच.

आता पालिकेची तिजोरी बघा. 1999 साली नगरपालिकांची जकात बंद झाली. नाक्यावरचा बांबू गेला, ट्रकवाल्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि पालिका मुंबईहून येणाऱ्या अनुदानाकडं डोळे लावून बसायला शिकल्या. पगारही त्यातलेच. वित्त आयोगाचा पैसा येतो, पण त्यातला मोठा भाग बंधित, म्हणजे तो पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचा. नगरोत्थान योजनेचा पैसा येतो, त्याच्या गळ्यात कामाची पाटी आधीच अडकवलेली. दलित वस्ती सुधारणेचा पैसाही त्याच वस्तीत लागायला हवा, आणि तसा तो लागला का हे विचारायलाच हवं. उरतो आपला घरपट्टी-पाणीपट्टीचा पैसा. त्यातले पाच टक्के महिला व बालकल्याणाला, पाच टक्के दुर्बल घटकांना, पाच टक्के दिव्यांगांना, असे नियम आहेत. खरी चर्चा व्हायला हवी ती इथे, कारण हा पैसा गावानं भरलेला आहे आणि तो कुठं घालायचा हे ठरवायला गाव थोडंफार मोकळं आहे. पण चर्चा होते ती कोटींच्या आकड्याची, जो मुंबईत ठरलेला असतो. फ्लेक्सही त्याचाच लागतो.

रस्त्यांचीही तीच तऱ्हा. पेठ-सांगली रस्ता आष्ट्यातून जातो. त्याच्या खड्ड्यांनी वर्षानुवर्षं प्रवाशांच्या मणक्यांची तपासणी मोफत केली. तक्रार घेऊन पालिकेत जावं तर उत्तर मिळणार, हा रस्ता आमच्याकडे नाही. बरोबरच आहे, तो राष्ट्रीय महामार्ग. दिल्लीचा खड्डा आष्ट्याच्या पालिकेनं का बुजवावा? शेवटी काँक्रीट दिल्लीकडूनच आलं. बोळातला खड्डा मात्र अजून स्थानिक स्वराज्यात मोडतो, म्हणून त्याची तक्रार कुणाकडं करायची ते तरी माहीत आहे.

पालिकेच्या न्यायबुद्धीबद्दल मला नितांत आदर आहे. तुम्ही घरपट्टी वेळेवर भरली नाही, तर थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती. वर्षाला चोवीस झाले. सोनं तारण ठेवलं तरी यापेक्षा स्वस्तात पैसे मिळतात. उलट तुमच्या गल्लीतलं काम वेळेवर झालं नाही, तर त्यावर शास्ती बसत नाही. ते पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात पुन्हा येतं, त्याच नावानं, थोड्या वाढीव रकमेनं. नागरिक थकतो तेव्हा व्याज लागतं, काम थकतं तेव्हा त्याची किंमत वाढते, आणि दोन्ही वेळा पाकीट नागरिकाचंच उघडतं.

यावर इलाज काय? तो शेजारच्या गावांत दिसतो, पण आपल्याला गावांची कीव येते. बावची, गोटखिंडी, बागणी, कारंदवाडी ही आपल्या लेखी खेडी, आपण शहर. पण बावचीच्या माणसाला वर्षातून निदान चार वेळा ग्रामसभेत उभं राहून सरपंचाला विचारता येतं, "पैसं कुठं घातलंस?" विचारतो का, हा भाग वेगळा. बऱ्याच ग्रामसभा कोरमअभावी तहकूब होतात आणि सह्या घरोघर फिरून गोळा होतात, हेही खरं. तरी विचारायला जागा आहे. आष्टेकराला ती प्रत्यक्षात मिळत नाही. सदतीस हजारांच्या आसपास वस्ती (2011 ची जनगणना, आता त्याहून बरीच जास्त असणार), पण त्यातल्या मतदाराला बोलता येईल अशी सभा प्रत्यक्षात भरत नाही. पालिकेची सभा लोकांना खुली असते, म्हणजे मागं बसून ऐकता येतं. बोलायचं नाही. शहराचा दर्जा मिळाला आणि तोंडाला कुलूप लागलं, अशी ही बढती.

ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे या शहरात 1989 पासून लोकांनी वस्तीवार सभा भरवून पालिकेचा काही पैसा कुठं घालायचा ते ठरवायला सुरुवात केली. लांब कशाला, पुण्यात महापालिका नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवते. पुणेकर बाक मागतात, पदपथ मागतात, आणि मग पदपथावर बाक का आला म्हणून तक्रार करतात. आष्ट्यात असं झालं तर पहिल्या दिवशी प्रत्येक गल्ली आपल्या दारातलं गटार मागेल. मागू दे. गटार मागणं हीसुद्धा अर्थनीतीच आहे, आणि मुंबईत बसून ठरणाऱ्या नीतीपेक्षा तिचा वास तरी ओळखीचा असतो.

आता मंडळ निवडून आलं आहे. सभागृहात पुन्हा माणसं आहेत, म्हणजे भांडण होईल, आणि ते झालंच पाहिजे. आपण फक्त एक करावं. दर फेब्रुवारीत अंदाजपत्रकाची प्रत पालिकेतून मागून घ्यावी. देत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे. फी दहा रुपये. प्रतीत रकाने असतात : मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाचा अंदाज. सगळ्यांची नजर शेवटच्या रकान्यावर असते, कारण फुलं, उद्यानं, सुशोभीकरण आणि गावाचं भविष्य तिथं मावतं. तुम्ही पहिला रकाना वाचा. 'अंध-अपंग कल्याण', 'महिला व बालकल्याण', 'दुर्बल घटक' या ओळींपुढं प्रत्यक्ष खर्च किती झाला ते बघा, आणि तो अंदाजापेक्षा फारच कमी असला तर तुमच्या प्रभागाच्या नगरसेवकाला रात्री अकरा वाजता फोन करा. दिव्याबद्दल नंतर बोला.