दुसऱ्या हाताची नोंद

भातकापणी आटोपून मळे मोकळे झाले की आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात कबड्डीचे सामने सुरू होतात आणि ते शिमग्यापर्यंत चालतात. स्पर्धा वाडीची असो की तालुक्याची, शेवट ठरलेला. मध्यरात्र उलटून गेल्यावर अंतिम सामना संपतो, पाहुणे व्यासपीठावर जातात आणि बक्षिसे वाटली जातात. उत्कृष्ट चढाईपटू एक, उत्कृष्ट पकडपटू एक, स्पर्धेचा मानकरी एक. तीन चषक आणि तीन फोटो. बाकीचे गडी मागे उभे राहून टाळ्या वाजवतात आणि अंगावरची माती झटकत घरी जातात. या व्यवस्थेविषयी मला एक तक्रार नोंदवायची आहे. तक्रार जुनी आहे, अनेकांच्या कानावर घातलेली आहे आणि अद्याप प्रलंबित आहे. तुम्ही चहा घ्या, मी सुरुवातीपासून सांगतो.

आधी पकड कशी होते ते बघू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. चढाईला एकटा गडी येतो, समोर सात जण. दोन टोकांना दोन कोपरारक्षक, त्यांच्या आत साखळी धरणारे गडी, मग दोन कव्हर आणि मधोमध सेंटर. चढाईपटू निदान रेषा ओलांडतो, बोनसकडे पाय टाकतो आणि कोपरा त्याच्या घोट्यावर झेप घेतो. लोक उठून उभे राहतात. समालोचक कोपऱ्याचे नाव घेतो. पण घोटा हाती लागला म्हणजे गडी बाद झाला का? मुळीच नाही. अंगापिंडाने भरलेला चढाईपटू घोटा धरणाऱ्यासकट स्वतःला मध्यरेषेकडे ओढतो, आणि बोटाचे टोक जरी रेषेपलीकडे टेकले तरी डाव उलटतो. ते बोट आणि ती रेषा यांच्यामध्ये जो माणूस छाती आडवी घालतो तो कव्हर. तो धावत येतो, कमरेला मिठी घालतो किंवा खांद्याने धडक देऊन त्याला मैदानाबाहेर ढकलतो. तेव्हा कुठे पंचाची शिटी वाजते. गुण मिळतो एक, आणि तो लिहिला जातो कोपऱ्याच्या नावावर. कव्हर उठतो, चड्डी झटकतो आणि आपल्या जागेवर जाऊन उभा राहतो.

इथवर कोणी म्हणेल, चालायचेच, सांघिक खेळ आहे. मग पुढचे ऐका. हीच पकड फसली, गडी रेषेपर्यंत पोचला, तर काय होते? ज्यांचा ज्यांचा त्याला स्पर्श झाला ते सगळे बाद. घोटा धरणारा बाद, कमरेला मिठी मारणारा बाद, वरून झेप घेणारा तिसराही बाद. तिघेही रांगेने बाहेर जाऊन बसतात आणि चढाईपटूला तीन गुण मिळतात. म्हणजे यशाचा धनी एकटा आणि अपयशाची जबाबदारी सामूहिक. कव्हरने आपल्या जागेवर शांत उभे राहायचे ठरवले तर फसलेल्या पकडीत तो बाद होणार नाही. तरी तो प्रत्येक वेळी उडी घेतो. ज्याच्यात त्याला नाव मिळणार नाही आणि फसले तर बाहेर बसावे लागेल, अशा कामात तो सामना संपेपर्यंत उडी घेत राहतो. मला या माणसाविषयी जो आदर वाटतो तो लपवायचे मला काही कारण दिसत नाही.

दुसऱ्या हाताची नोंद ठेवणे इतके अवघड असते तर मी गप्प बसलो असतो. पण क्रिकेटवाल्यांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. कोणत्याही धावफलकावर बघा, झेल घेणाऱ्याचे नाव आधी आणि गोलंदाजाचे नंतर, दोघेही एकाच ओळीत. बास्केटबॉलमध्ये चेंडू पुरवणाऱ्याची वेगळी नोंद होते. बर्फावरच्या हॉकीत एका गोलामागे दोन साथीदारांची नावे लागू शकतात. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियातली रग्बी लीग तर आपल्या खेळाच्या जवळची. १८९५ साली सुरू झालेला तेरा-तेरा जणांचा तो धसमुसळा खेळ, त्यातही समोरच्याला धरून पाडणे हाच जीव. तिथे एका गड्याला दोघा-तिघांनी मिळून पाडले तर प्रत्येकाच्या खात्यात ते पाडणे मोजतात. त्यामुळे गर्दीत राबणाऱ्या माणसाने किती जणांना धरले हे सामन्यानंतर आकड्यात दिसते. आपल्याकडे कबड्डी शंभर वर्षांहून अधिक काळ नियमांत बांधलेली आहे. महाराष्ट्रानेच ते नियम घडवले. आणि पकडीतल्या दुसऱ्या हातासाठी तक्त्यात एक रकाना आखायला अजून कोणाला वेळ झालेला नाही.

आता मोठे प्रकरण. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि मुंबईचा यू मुंबा हा संघ पहिल्या तिन्ही हंगामांत अंतिम फेरीला गेला. पहिल्या वेळी जयपूरने ३५-२४ असे हरवले, तेही वरळीत आपल्याच घरी. ऑगस्ट २०१५ मध्ये त्याच वरळीत बंगळुरू बुल्सला ३६-३० असे हरवून यू मुंबाने चषक घेतला. तिसऱ्या वेळी पाटण्याकडून ३१-२८ अशी हार झाली, तीन गुणांनी. आमच्या जिल्ह्यातली निम्मी घरे मुंबईला बांधलेली आहेत, त्यामुळे तो संघ आमचाच होता.

त्या संघाविषयी आज कोणालाही विचारा. पहिले नाव अनुप कुमार. बरोबरच आहे. चढाईत त्याच्याइतकी शांत नजर मी दुसऱ्या कोणाची पाहिलेली नाही. दुसरे नाव मोहित छिल्लर आणि सुरेंदर नाडा ही कोपऱ्यांची जोडी. तेही बरोबर. पुढच्याच वर्षी, २०१६ च्या लिलावात, मोहितला बंगळुरूने ५३ लाखांना घेतले. त्या लिलावातली ती सर्वांत मोठी बोली होती. मग मी विचारतो, त्या कोपऱ्यांच्या आत कोण उभे होते? इथे बहुतेक जण चहाच्या कपात बघायला लागतात.

जीवा कुमार आणि विशाल माने. एक तामिळनाडूचा, दुसरा आपला मुंबईचा. दोघे कव्हर. मोहित आणि नाडा घोट्यावर झेपावत होते ते मागे हे दोघे आहेत या भरवशावर. कोपऱ्याला धाडस करता येते कारण कव्हर चुकणार नाही याची त्याला खात्री असते. ही खात्री नसेल तर कोपरा अर्धवट हात घालतो आणि बाद होतो. यू मुंबाच्या बचावाची त्या वर्षांत जी दहशत होती ती चार जणांची होती आणि तिचे श्रेय दोघांत वाटले गेले. जीवा स्वतः पुढे सरून पकडी करायचा, तेवढ्या त्याच्या नावावर आहेत. पण दुसऱ्याने सुरू केलेल्या ज्या पकडी त्याने पूर्ण केल्या, त्या कोणत्याही कागदावर नाहीत. विशालचे तर मला फारच लागते. २०१७ च्या पाचव्या हंगामात पाटणा पायरेट्सने अंतिम सामन्यात गुजरातला ५५-३८ असे हरवले. त्या हंगामाविषयी लोकांना एकच आकडा पाठ आहे, प्रदीप नरवालचे चढाईतले ३६९ गुण. थोर कामगिरी, वादच नाही. पण त्याच पाटण्याच्या संघात विशाल माने होता. पुढे दबंग दिल्ली सातव्या हंगामात अंतिम फेरीला गेली, त्या संघातही होता. आमच्या मुंबईचा एक माणूस तीन वेगवेगळ्या संघांतून अंतिम फेरी गाठतो आणि नाक्यावर त्याचे नाव घेतले तर लोक विचारतात, कोण हो हा? हा प्रश्न ऐकला की माझा चहा निवतो.

बरे, हे फक्त बचावापुरते आहे असेही नाही. चढाईतही तोच हिशेब. मुख्य चढाईपटूला दमवायचे नाही म्हणून पहिल्या दोन चढायांना दुसऱ्याच कोणाला तरी पाठवतात. तो जातो, तीस सेकंद समोरच्या सात जणांना नाचवतो आणि काही न घेता परत येतो. त्याच्या नावावर लिहिले जाते, रिकामी चढाई. मुख्य चढाईपटू बाद होऊन बाहेर बसला असेल तर त्याला आत आणण्यासाठी कोणीतरी गुण घ्यावा लागतो. त्यातही नियम असा की बाद झालेले गडी ज्या क्रमाने बाहेर गेले त्याच क्रमाने आत येतात. म्हणजे त्याच्या आधी बाहेर गेलेला कोणी असेल तर एक गुण पुरत नाही, दोन घ्यावे लागतात. ते दोन गुण जीव टाकून कोणीतरी घेतो, मुख्य चढाईपटू आत येतो, पुढच्या पाच मिनिटांत आठ गुण करतो आणि व्यासपीठावर जातो. ज्याने त्याला आत आणले त्याच्या हिशेबी दोन गुण आणि सहा रिकाम्या चढाया. तक्ता वाचणारा म्हणतो, हा गडी आज चालला नाही.

रिशांक देवाडिगाने यू मुंबात पहिले चार हंगाम हेच केले. अनुपच्या सावलीत राहून मिळेल ती चढाई केली. २०१७ मध्ये तो यूपी योद्धाकडे गेला आणि जयपूरविरुद्ध एका सामन्यात चढाईचे २८ गुण घेतले. तोपर्यंत एका सामन्यात इतके कोणी घेतले नव्हते. म्हणजे ही ताकद अंगात होतीच, मुंबईत ती कोणी पूर्ण वापरली नव्हती. आता निदान हा विक्रम तरी त्याच्या नावावर राहावा की नाही? काही दिवसांतच प्रदीप नरवालने ३४ गुण केले. प्रदीपवर माझा राग नाही, तो खेळतोच तसा. पण दिवाळीत लावलेला कंदील पाडव्याच्या आत उतरवावा तसे ते झाले, आणि रिशांकच्या २८ गुणांवर पोटभर बोलायचे राहूनच गेले.

याचा परिणाम कुठवर पोचतो ते मी रोज संध्याकाळी बघतो. मैदानावर येणाऱ्या पोरांना विचारा, कुठे खेळणार? दहांतले सहा म्हणतात चढाई, बाकीचे म्हणतात कोपरा. आपल्या चिपळूणचा शुभम शिंदे उजव्या कोपऱ्यात खेळून पुणे, पाटणा, बंगाल असा फिरला, त्याचा आम्हाला अभिमान आहे, आणि पोरांना कोपरा हवासा वाटण्यात त्याचाही वाटा आहे. पण कव्हरला उभा राहायला पोरगा मिळत नाही. मग मार्गदर्शक जरा जाड, जरा मंद, घरी कोणी विचारणारे नसलेल्या पोराला धरतो आणि म्हणतो, तू मध्ये थांब. ते पोर थांबते. पुढे त्याच्या लक्षात येते की आपण कितीही अडवले तरी समालोचक आपले नाव घेत नाही. दोन हंगामांनंतर ते मैदानावर यायचे बंद होते. मग तालुक्याचा संघ जिल्ह्यावर जाऊन हरतो, आणि सगळे म्हणतात चढाईपटू कमी पडला.

इतिहासही असाच लिहिला गेला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिथे कबड्डीचे प्रदर्शन केले, हे आपण अभिमानाने सांगतो. संस्थेचे नाव घेतो, वर्ष सांगतो. पण हिटलरच्या जर्मनीत परक्या लोकांसमोर अंगाला माती लावून उभे राहिलेल्या त्या गड्यांची नावे शाळेच्या कोणत्याही फळ्यावर मी लिहिलेली पाहिली नाहीत. १५ जुलैला आपण शंकरराव तथा बुवा साळवींच्या जयंतीला कबड्डी दिन साजरा करतो. तो व्हायलाच हवा, बुवांनी या खेळासाठी आयुष्य वेचले. त्याच दिवशी आपापल्या मंडळाच्या जुन्या कव्हरला बोलावून एक नारळ द्यायला काय हरकत आहे? गावोगावी ते आहेत. गुडघे गेलेले, खांदा वर न होणारे. ज्या पकडीत तो खांदा गेला ती पकड दुसऱ्याच्या नावावर आहे.

ही सगळी मांडणी मी आमच्याकडच्या एका मंडळापुढे ठेवली. मंडळाचे नाव सांगत नाही, माणसे चांगली आहेत. उत्तर असे मिळाले की चषकाचे देणगीदार तीनच आहेत, आणि गुणपत्रकात जागा नाही. दोन्ही मुद्द्यांवर माझा खुलासा तयार आहे. गुणपत्रकाची मागची बाजू पूर्ण कोरी असते. तिच्यावर प्रत्येक पकडीपुढे दोन नावे लिहावीत, पहिला हात आणि दुसरा हात. आणि चौथ्या चषकाचा खर्च मी करतो. कोणाच्या स्मरणार्थ वगैरे काही नको, त्यावर फक्त ‘उत्कृष्ट साथ’ एवढे कोरावे.

त्यावर अध्यक्षांनी विचारले की, तो कोणाला द्यायचा हे ठरवणार कोण? सामना चालू असताना कव्हरकडे बघतो कोण?

मी बघतो. दोन्ही अर्धे बघतो, पहिल्या फेरीपासून अंतिम सामन्यापर्यंत. गुणलेखकाच्या शेजारी एक खुर्ची मिळावी, जमले तर मध्यरेषेच्या समोर, कारण तिथून दोन्ही संघांचे कव्हर दिसतात. वही आणि पेन मी घरून आणीन.