रायफल सरकारची, अर्ज तुमचा

बार्शी-माळशिरसकडचा पोरगा साडेसतराव्या वर्षी अग्निवीर होऊ शकतो. प्रशिक्षण संपलं की सरकारच त्याच्या हाती रायफल देऊन त्याला सीमेवर धाडतं. तोच सुट्टीवर आला आणि उसात घुसणाऱ्या रानडुकरांसाठी स्वतःची बंदूक घ्यावी म्हणाला, तर १९५९ चा शस्त्र कायदा कलम ९ वर बोट ठेवतो: बाळा, आधी एकवीस पूर्ण कर! कलम ४५ ची सूट आहे ती कर्तव्यावरच्या हत्याराला. रजेवरच्या माणसाला नाही.

फौजेतल्या हवालदारसाहेबांचं वय बसतं, पण परवान्याची रांग चुकत नाही. गाव ग्रामीण हद्दीत असेल तर जिल्हाधिकारी, घर सोलापूर शहरात असेल तर पोलीस आयुक्त. शत्रूपासून देश राखणाऱ्याची चालचलणूक बरी आहे की नाही, हे मग पोलीस ठाणं कळवणार. नोकरीत हाताळलेलं ९ एमएम पिस्तूल मागायची तर सोयच नाही. ते सामान्यांना निषिद्ध. २०१९ च्या दुरुस्तीनं बंदुकाही तीनाच्या दोन केल्या. एवढं करून परवाना मिळालाच, तर निवडणूक लागली की बंदूक अनेकदा ठाण्यात जमा. ती सांभाळायला पोलीस आहेतच.