तिथीची पाऊणपट

नंदुरबारात 'किनारी परिसंस्था' हे प्रकरण शिकवणं म्हणजे माळकऱ्यानं बोंबलाच्या कालवणाची कृती सांगणं. शब्द सगळे बरोबर, वास तेवढा नाही. आमच्या प्रयोगशाळेतही समुद्र आहे, पण फॉर्मॅलिनच्या बाटल्यांत. त्यातला तारामासा वर्षानुवर्षं पिवळट पडत गेलाय आणि पोरं इमानेइतबारे वहीत त्याला पिवळाच रंग देतात.

म्हणून यंदा टी.वाय.ची पोरं घेऊन थेट डुमसला निघालो. सुरतेकडे जाणारी सकाळची गाडी, डब्यात भाकरी, ठेचा आणि प्लंबिंगच्या पाइपांची एक मीटरची चौकट. नवापूरचं स्टेशन निम्मं महाराष्ट्रात, निम्मं गुजरातेत. तेवढ्या मुक्कामात मी दोन परिसंस्थांमधलं संक्रमणक्षेत्र शिकवून घेतलं. पोरांनी दोन्ही राज्यांतला चहा पिऊन ते समजून घेतलं.

ओहोटीचा हिशेब मी घरीच केला होता. कोकणातला ठोकताळा आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. दशमी होती. दहाची पाऊणपट साडेसात. तिथून सहा तासांवर ओहोटी, म्हणजे दीड-पावणेदोन. दीडला आम्ही किनाऱ्यावर हजर. समुद्रही हजर.

"सर, पाणी मागं सरकत नाहीये."

टोमॅटोच्या भज्यांच्या गाडीवाल्याला विचारलं. तो हसला आणि म्हणाला, दोन तास बसा. खंभातच्या आखातात भरती-ओहोटी मुंबईच्या मागून, सवडीनं येते, हे मी दरवर्षी शिकवतो. तिथीच्या नादात तेवढंच विसरलो. दोन तास भजी खाल्ली. आमच्या मिरचीच्या गावच्या पोरांनी चटणीला नापास केलं.

मग पाणी गेलं आणि चिखल उघडा पडला. चौकट टाकून बिळं मोजायची होती. शहाद्याच्या एकाचा कॅनव्हासचा बूट पहिल्याच पावलाला परिसंस्थेत जमा झाला. चिखलावरून निवट्या टुणटुणत होत्या. मासा असून पोहायचा कंटाळा, असे विद्यार्थी मी पाहिलेत. एका बाजूची नांगी अंगापेक्षा मोठी असलेला नर खेकडा ती हलवून मादीला बोलावत होता. तेवढ्यात धडगावकडच्या एका मुलीनं चपला काढल्या, ओढणी कमरेला खोचली, बिळात हात घातला आणि खेकडा पाठीमागून अलगद धरून माझ्यासमोर आणला. "आमच्या नाल्यात असाच धरतो, सर." खेकड्याचे दहा पाय वीस वर्षं फळ्यावर काढणारा मी माझ्या दोन पायांवर मागं सरकलो.

प्रकाशाजवळचा एक शेतकऱ्याचा पोरगा मात्र खेकडे सोडून चिखलच बोटांत चोळत बसला होता. "सर, हाई ते आपलीच माटी शे!"

सगळे हसले. मला हसू आलं नाही. प्रकाशाच्या घाटावरून जाणारी तापी इथंच तर समुद्राला मिळते. मुलताईपासून ७२४ किलोमीटर येताना ती खानदेशची काळी जमीन धुऊन आणत होती. १९७२ साली उकाईचं धरण झालं आणि तिथं बराचसा गाळ अडायला लागला. पण त्याआधीचे पावसाळे काही थोडे नव्हते.

पुढच्या आठवड्यात अहवाल तपासायला बसलो. 'चिखलाचा प्रकार' या रकान्यात त्या पोरानं एकच शब्द लिहिला होता : घरचा. शास्त्राच्या वहीत असं चालत नाही, म्हणून लाल पेन उचललं. मग उकाईच्या आधीचे पावसाळे मनात मोजले आणि बरोबरची खूण केली. माझ्या तिथीच्या हिशेबापेक्षा हा हिशेब पक्का होता.