पुढचे वचन

कॅथलिक माणसाला बायबल ठाऊक नसते, असा एक समज आहे. आणि तो पसरवण्यात आम्हा कॅथलिकांचाच वाटा मोठा आहे. वसईकडच्या आमच्या घरांत बायबल असते. ते बहुधा ऑल्टरवर, मतमाउलीच्या पायाशी, प्लास्टिकच्या फुलांना टेकून उभे असते. त्यात लग्नाच्या पत्रिका जपल्या जातात, कोणाकोणाच्या मयताची स्मरणपत्रे ठेवली जातात, एखादी जुनी शंभराची नोटही सापडते. वाचायला म्हणून ते उघडले, तर घरातले कोणीतरी काळजीने विचारते, ‘‘काय झालं? डॉक्टरांकडे जाऊन आलास का?’’

तसे आम्ही बायबल ऐकतो पुष्कळ. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली आणि रविवारच्या वाचनांचे तीन वर्षांचे चक्र सुरू झाले. दर रविवारी तीन वाचने आणि मध्ये एक स्तोत्र. झोप न लागणाऱ्या भाविकाच्या कानांवरून तीन वर्षांत चारही शुभवर्तमानांचा मोठा भाग जातो. पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ आले, तेव्हा भाषा कळत नाही ही सबबही संपली. एवढे होऊनही कुठले पुस्तक, कितवा अध्याय, कितवे वचन, असा पत्ता विचारला की आम्ही फादरांच्या बंगल्याचा पत्ता सांगतो.

ज्यांना पत्ता तोंडपाठ असतो आणि बायबलमध्ये नसलेले काहीच मान्य नसते, त्यांना आमच्याकडे ‘बिलिव्हर’ म्हणतात. माझा एक पुतण्या कॉलेजात असताना त्यांच्या प्रार्थनासभांना जाऊ लागला. मुलगा गुणी. घरी आला की आधी चहा घेणार, विचारपूस करणार आणि मग अगदी नम्रपणे म्हणणार, ‘‘काका, हे बायबलमध्ये कुठे आहे?’’

‘हे’ म्हणजे काहीही. कपाळाची राख, रोझरी, मूर्ती, मेणबत्ती, फादरना फादर म्हणणे. आमच्या आधीच्या पिढीने अशा प्रश्नाला ‘‘गप बस, जेवायला चल,’’ असे उत्तर दिले असते, आणि ते अगदीच चुकीचे ठरले नसते. पण मला वाचायची खोड. मी बायबल ऑल्टरवरून खाली काढले, पत्रिका बाजूला ठेवल्या आणि पुरावे शोधायला बसलो.

पुरावे सापडतात, ही पहिली गोष्ट. भराभर सापडतात. कोणालाही पिता म्हणू नका, असे येशू मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात सांगतो, हे पुतण्याचे म्हणणे. मी त्याला पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र काढून दिले. चौथ्या अध्यायाच्या पंधराव्या वचनात पौल स्वतःच म्हणतो की शुभवर्तमानाद्वारे मी तुमचा बाप झालो. पुतण्या विचारात पडला. मी विजयी मुद्रेने चहा घेतला. पण तो मुलगा हुशार. पुस्तक मिटण्याआधी त्याने पान खालपर्यंत वाचले. एकविसाव्या वचनात पौल विचारतो की तुमच्याकडे छडी घेऊन येऊ की प्रेमाने येऊ? ‘‘म्हणजे काका,’’ तो म्हणाला, ‘‘फादर होते हे खरंय, आणि छडीही होती.’’ कॅटेकिझमच्या जुन्या वर्गांत बसलेल्या माणसाने यावर काय बोलावे?

तेव्हापासून मला एक चाळा लागला. आमच्या बाजूचे वचन सापडले की तिथे थांबायचे नाही, पुढचे वाचायचे. हा चाळा वादात फार महागात पडतो. वाद घालणाऱ्याला वचन हवे असते. बायबल त्याला गोष्ट देते, आणि गोष्ट कोणाच्याच बाजूने शेवटपर्यंत उभी राहत नाही.

मरियेचेच घ्या. आपल्या मागण्या आईमार्फत मुलाकडे न्याव्यात, या प्रथेला आमचे पंडित जुन्या करारातला एक सुरेख आधार देतात. पहिल्या राजांच्या दुसऱ्या अध्यायात बथशेबा आपल्या मुलाला, शलमोन राजाला, भेटायला जाते. राजा उठतो, तिला नमन करतो, आपल्या उजव्या हाताला तिच्यासाठी आसन मांडायला लावतो. ती म्हणते, एक लहानसे मागणे आहे. तो म्हणतो, माग आई, तुला नाही म्हणणार नाही. हे विसावे वचन. राजमाता, सिंहासन, मध्यस्थी, सगळे एका ठिकाणी. पंडित इथे पुस्तक मिटतात, आणि मिटावेच. कारण एकविसाव्या वचनात ती शलमोनाच्या सावत्र भावासाठी, अदोनीयासाठी, दिवंगत राजाच्या सेवेतल्या अबीशगचा हात मागते, बाविसाव्यात राजा भडकतो, आणि पंचविसाव्यापर्यंत अदोनीया ठार झालेला असतो. त्याच दिवशी. ज्याच्यासाठी शब्द टाकला त्याचाच मुडदा पडला, अशी ही मध्यस्थी.

पंडितांकडे याचेही उत्तर आहे. मागणे बथशेबाचे नव्हते, अदोनीयाचा त्यात गादीवर डोळा होता. राजाने आईला नव्हे, त्याच्या डावाला नकार दिला. पटण्यासारखे आहे. पण नोव्हेनाच्या प्रार्थनेला जाताना मी ते मनात ठेवतो. आपले मागणे आईकडे देण्याआधी त्यात कोणाच्या गादीवर आपला डोळा नाही ना, एवढे तपासावे. मला स्वतःला योहानाच्या शुभवर्तमानातले काना गावचे लग्न जास्त आवडते. तिथे मरिया मागतही नाही. द्राक्षारस संपलाय, एवढेच मुलाला सांगते. तो म्हणतो, माझी वेळ अजून आलेली नाही. त्यावर ती त्याच्याशी वाद घालत नाही, नोकरांकडे वळते आणि म्हणते, तो सांगेल तसे करा. आई कशी असते हे ज्याने पाहिले आहे, त्याला या प्रसंगाचे भाष्य लागत नाही. मग सहा दगडी रांजण पाण्याने काठोकाठ भरतात आणि त्या पाण्याचा द्राक्षारस होतो. योहानाने मापे दिली आहेत. हिशेब पाच-सहाशे लिटरच्या आसपास जातो. वसईतल्या लग्नालाही पुरावे.

मूर्तींचा प्रश्न पुतण्याने सर्वांत जोरात विचारला होता. कोरीव मूर्ती करू नकोस, निर्गम वीस. खरे आहे. पण त्याच पुस्तकात पाचच अध्याय पुढे देव मोशेला कराराच्या कोशावर, म्हणजे आज्ञांच्या पवित्र पेटीवर, सोन्याचे दोन करूब, पंखवाले देवदूत, घडवायला सांगतो, आणि गणनेच्या एकविसाव्या अध्यायात पितळेचा साप करून खांबावर लावायला सांगतो. साप चावलेल्यांनी त्याच्याकडे पाहिले की ते जगत. मी हे सांगितले आणि पुढचे वचन त्याने शोधण्याआधी मीच त्याला दाखवले. शेकडो वर्षांनी, दुसऱ्या राजांच्या अठराव्या अध्यायात, हिज्कीया राजाने तोच साप फोडून टाकला, कारण लोक त्याला धूप जाळू लागले होते. देवाच्या आज्ञेने केलेली वस्तू, आणि ती फोडणाऱ्या राजाचे बायबल कौतुक करते. तेव्हा मूर्ती चालते का, या प्रश्नाला बायबलचे उत्तर आहे: कोण पाहतोय आणि कसे पाहतोय, ते आधी सांगा.

अशा वेळी मला बांद्र्याची जत्रा आठवते. आठ सप्टेंबरला मरियेचा जन्मदिन, त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर मोतमाउलीच्या डोंगरावर माणसांचा पूर. हिंदू, मुसलमान, पारशी, सगळेच येतात. चढावर मेणाच्या वस्तूंची दुकाने: हात, पाय, डोके, बाळ, घर. ज्याचे जे दुखते किंवा ज्याला जे हवे, त्याने ते वाहावे. ‘‘काका, हे तर बायबलमध्ये असणंच शक्य नाही,’’ पुतण्या म्हणाला. मलाही तेच वाटत होते.

आहे! पहिल्या शमुवेलाच्या सहाव्या अध्यायात चक्क आहे. कराराचा कोश पळवून नेल्यावर पलिष्ट्यांना गळवांची साथ लागते आणि शेतांत उंदीर माजतात. त्यांचे पुजारी सल्ला देतात की कोश परत पाठवा, पण रिकाम्या हाताने नको. सोन्याची पाच गळवे आणि सोन्याचे पाच उंदीर करून सोबत द्या. म्हणजे दुखणाऱ्या अवयवाची प्रतिकृती देवाला वाहायची कल्पना बायबलमध्ये अगदी स्पष्ट आहे, फक्त ती शत्रूच्या पुजाऱ्यांना सुचलेली आहे. आणि तरी गोष्ट पुढे नेणारा देव त्यांना हसत नाही. उलट कोश परत आल्यावर ज्या आपल्याच लोकांनी आत डोकावून पाहिले, ते मेले. गुडघा धरून चढ चढणाऱ्या आणि हातात मेणाचा पाय घेतलेल्या बाईला यातले काही ठाऊक नसते. तिचे काही अडतही नाही. पण तिला नावे ठेवायला निघालेल्याने हा अध्याय वाचून निघावे, आणि तिच्या पाठीशी उभे राहायला निघालेल्यानेही. सोन्याचे गळू नेमके कसे दिसत असेल, या विचारात माझी एक दुपार गेली आहे.

बायबल हे असेच वस्तूंनी भरलेले पुस्तक आहे, हे मला या उद्योगात नव्याने कळले. अलीशा संदेष्ट्याच्या हाडांना नुसते प्रेत लागले आणि मेलेला माणूस उठून उभा राहिला. पौलाच्या अंगाला लागलेले रुमाल रोग्यांवर ठेवले की ते बरे होत. पेत्राची सावली तरी अंगावर पडावी म्हणून लोक आजाऱ्यांना रस्त्यावर आणून ठेवत. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या देहदर्शनाला दर दहा वर्षांनी रांग लावणाऱ्यांनी यातले काही नव्याने शोधून काढलेले नाही. पण रुमालाच्या लगेच पुढच्या वचनांत स्किवा नावाच्या याजकाचे सात मुलगे येतात. पौलाचे पाहून तेही येशूच्या नावाने भुते काढू पाहतात. भूत म्हणते, येशू मला ठाऊक आहे, पौलही ठाऊक आहे, पण तुम्ही कोण? आणि मग एकटे भूतबाधा झालेले गृहस्थ सातही जणांना असे बदडून काढतात की ते उघडे, रक्तबंबाळ होऊन घराबाहेर पळतात. रुमालाला सामर्थ्य होते; त्याची शाखा उघडता येत नव्हती.

रोझरीवर फार वेळ गेला नाही. व्यर्थ बडबड नको, हे मत्तय सहा; पण गेथशेमानीत येशूने तिसऱ्या वेळीही तेच शब्द उच्चारून प्रार्थना केली, हे मत्तय सव्वीस. शिवाय एकशे छत्तिसाव्या स्तोत्राच्या सव्वीसच्या सव्वीस वचनांत तेच पालुपद आहे. बडबड व्यर्थ आहे की नाही हे म्हणणाऱ्यावर अवलंबून, आणि पन्नास वेळा म्हणताना कुठेतरी मध्ये मला उद्याची भाजी आठवते, हे मी पुतण्याला सांगितले नाही.

राखेच्या बाबतीत मात्र आमच्या मंडळींनी कमालच केली आहे. गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी वाटलेल्या झावळ्या जाळून राख करतात, ती उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी कपाळाला लावतात. आधार भरपूर: निनवेचा राजा राखेत बसला, इतकेच काय, त्याने गुरांनाही गोणपाट पांघरून उपास घडवला. पण त्याच बुधवारी मिस्सेत जे शुभवर्तमान वाचतात, त्यात येशू सांगतो की उपास करताना तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, लोकांना कळू देऊ नका. हे आम्ही उभे राहून ऐकतो, मग रांगेत कपाळ माखून घेतो आणि तसेच चर्चगेट लोकलला लोंबकळतो. विरोधकाने काढावा असा आक्षेप चर्च स्वतःच, भर मिस्सेत, राख लावण्याआधी वाचून दाखवते. हा दिलदारपणा म्हणावा की विसराळूपणा, याचा निर्णय मी अजून केलेला नाही. मला तो आवडतो.

पापनिवेदनाचेही तसेच. ज्यांच्या पापांची तुम्ही क्षमा कराल, त्यांची झाली, असा अधिकार येशू शिष्यांना देतो, योहान वीस-तेवीस. पुतण्याने शिकवणीप्रमाणे पुढचे वचन वाचले: येशू आला तेव्हा थॉमस तिथे नव्हता. थॉमस, म्हणजे परंपरेने भारतात आलेला प्रेषित, आपला माणूस! नेमक्या त्या संध्याकाळी गैरहजर. मिस्सेला प्रवचन संपता संपता येणाऱ्या आणि पापनिवेदनाच्या रांगेत सर्वांत मागे उभे राहणाऱ्या आमच्या लोकांना याहून जुना आधार मिळणार नाही.

पोपसाहेबांची बाजू तर मी मांडलीच नाही. मत्तय सोळा-अठरामध्ये पेत्र खडक होतो आणि तेविसाव्या वचनात त्याला सैतान म्हणून मागे हो सांगितले जाते. पाच वचनांत. पेत्राच्या गादीचे इतके नेमके वर्णन विरोधकांनाही जमलेले नाही, आणि ते आमच्याच घरात ठेवलेले आहे.

परवा पुतण्या पुन्हा आला. आता तो सभांना जातो की मिस्सेला, हे मी विचारत नाही. बहुधा दोन्हीकडे जात असावा. गावच्या सणाचे पत्रक त्याच्या हातात होते. सकाळी मिस्सा, मग मिरवणूक, रात्री हाऊजी. ‘‘काका, हाऊजी बायबलमध्ये कुठे आहे?’’

प्रेषितांची कृत्ये, पहिला अध्याय, शेवटचे वचन, मी म्हणालो. यहूदाची जागा रिकामी झाली तेव्हा दोन नावांवर चिठ्ठ्या टाकल्या आणि मत्तियाचा नंबर लागला. त्याने पान उलटले. दुसऱ्या अध्यायात पवित्र आत्मा येतो, शिष्य नाना भाषांत बोलू लागतात आणि लोक म्हणतात, हे प्यालेले दिसतात. मग पेत्र उभा राहतो. कॅथलिकांवरच्या आक्षेपाला दिलेले हे पहिले जाहीर उत्तर, आणि त्याची सुरुवात वचनाने होत नाही. तो म्हणतो, आम्ही प्यालेलो नाही, कारण सकाळचे नऊच वाजलेत. योएल संदेष्ट्याचे वचन तो त्यानंतर काढतो.

पुतण्याने ते दोनदा वाचले.

‘‘आणि काका,’’ तो म्हणाला, ‘‘रात्रीचे नऊ वाजले असते तर?’’