डावीकडे कललेली सीट

आमची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली आणि जिन्याखाली वर्षानुवर्षं सुखाने गंजत असलेल्या माझ्या पाच सायकली एकदम उघड्यावर आल्या. भाड्याच्या घरात दोनच मावणार होत्या, त्याही बाल्कनीतल्या ओल्या कपड्यांशी जमवून घेतील तर. "दोन निवडा," एवढंच म्हणून ही डबे बांधायला गेली. मूळच्या पुणेकराला सायकली निवडायला सांगणं म्हणजे बत्तिशीतले दोन दात ठेवून बाकीचे द्या म्हणण्यासारखं.

आधी मी तर्काने जायचं ठरवलं. रॅलेने १९३२ साली हम्बर विकत घेतली, १९४३ साली रज आणि १९५७ साली बीएसए. म्हणजे माझ्या चौघी विलायती बाया शेवटी नॉटिंगहॅमच्या एकाच घरात नांदल्या. कोणतीही एक ठेवली तरी घराणं राहिलंच की! या सिद्धान्तावर मी दुपारभर खूश होतो. संध्याकाळी रॉकेलचं फडकं घेऊन पुसायला बसलो आणि तो ढासळला. हम्बरच्या फोर्कला दोन्ही बाजूंनी दोन-दोन बारीक नळ्या, जणू चार पायांवर उभं राहून ती नम्रपणे वाट बघतेय. रजच्या दातेरी चक्रात कोरलेला पंजा 'थांब' म्हणतो की 'ये', ते अजून ठरलेलं नाही. बीएसए तर मूळची बर्मिंगहॅमची बंदुका करणारी कंपनी; पण तिच्या चक्रात नावाची अक्षरंच कापलेली, त्यामुळे सकाळच्या उन्हात फरशीवर तिची सही उमटते. रॅलेच्या मागच्या हबवर ५८ हा आकडा ठोकलेला आहे. माझंही जन्मसाल तेच. समवयस्काला घराबाहेर काढायचं कोणत्या तोंडाने? राहिली सोनीपतची अ‍ॅटलस. तिला कोणी संग्राहक ढुंकून बघणार नाही, म्हणून तीच द्यावी म्हटलं, तर कोणी बघणारच नाही तिला देणार कोणाला?

शेवटी बीएसए निघाली, आणि कारण अगदीच क्षुल्लक: तिच्यासाठी पहिला फोन आला. ती मी जुन्या बाजारात एका रविवारी घेतली होती. तिच्यावरची ब्रुक्सची चामड्याची सीट डावीकडे दबलेली होती. चामडं बसणाऱ्याचा आकार घेतं. तेव्हा माझ्याआधी कोणी गृहस्थ वर्षानुवर्षं एका अंगावर कलून कचेरीत जात असणार. उजव्या खिशात किल्ल्यांचा जुडगा असेल, किंवा दांडीवर बसलेलं मूल डाव्या हाताला रेलत असेल. त्यांचं नाव, चेहरा, काही ठाऊक नाही. त्यांची बैठक मात्र मला हातच्या रेषांइतकी पाठ आहे. वीस वर्षांत मीही डावीकडे कलू लागलो. डॉक्टर त्याला गुडघ्याचं कारण सांगतात.

घ्यायला आलेला मुलगा कॉलेजातला. त्याने घंटा वाजवून पाहिली, रॉडचे ब्रेक दाबले, कॉटर पिन ठीक आहे का विचारलं. मला जरा बरं वाटलं. मग अंगणात एक फेरी मारून आला.

"काका, सीट डावीकडे कललीय का?"

"कललीय," मी म्हणालो. "हवं तर बदलून घे."

तो पुन्हा बसला, जरा सरकला, जागा सापडल्यासारखा थांबला. "नको. बसतंय नीट," म्हणाला आणि फाटकाबाहेर पडला.